चोखंदळ हौसेचे मोल

खंडेनवमीला पूर्वी कोयता, करवत, वजनकाटा आणि दौत-लेखणी यांची पूजा होत असे. आज त्याच पाटावर लॅपटॉप आणि मोबाईल येऊन बसले आहेत आणि झेंडूचे फूल त्यांनाही वाहिले जाते. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या साधनावर घर चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडणे हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे, आणि साधन बदलले म्हणून संस्कार बदलण्याचे कारण नाही. गंमत आहे ती पुढच्या दिवसाची. आदल्या दिवशी पूजलेला मोबाईल दसऱ्याच्या मुहूर्तावर 'एक्स्चेंज'मध्ये देऊन टाकला जातो आणि नवा घरी येतो. जुन्याचे काय बिघडले होते, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

खरेदीच्या या दिवसांत प्रत्येक कुटुंबात एका व्यक्तीचा भाव वधारतो. तो कोणाचा भाचा असतो, कोणाची पुतणी असते. फ्रीज कोणता घ्यावा, फोनचा कॅमेरा कसा आहे, मिक्सरची मोटर किती वॅटची असावी, हे त्याला किंवा तिला विचारल्यावाचून कोणी पैसे मोजत नाही. एरवी मात्र हीच मंडळी थट्टेचा विषय असतात. पेनाचे टोपण लावताना होणारा आवाज, रेडिओच्या बटणाची चाल, घड्याळाच्या तबकडीवरील अंकांचे वळण, फोनचे हातात भरणारे वजन यांवर ती तासभर बोलू शकतात. साध्या राहणीचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरांतून या हौसेकडे जरा संशयाने पाहिले जाते आणि 'चंगळवाद' हा एक शब्द उच्चारला की विषय संपतो.

आमच्या मते विषय तेथे संपू नये. चंगळवाद आणि चोखंदळपणा या दोन अगदी निराळ्या वृत्ती आहेत. चंगळवादी माणसाला वस्तू हवी असते ती शेजाऱ्याकडे आहे म्हणून, किंवा अद्याप नाही म्हणून. चोखंदळ माणूस वस्तू उलटीपालटी करून पाहतो, तिच्यात खोट काढतो आणि पुष्कळदा न घेताच परततो. समाजाला या दुसऱ्या माणसाची गरज असते. किंबहुना चांगला कारागीर घडतो तो अशाच गिऱ्हाइकाच्या धाकाने.

याचा एक उत्तम दाखला आपल्याच लोट्याचा आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन अभिकल्पक दाम्पत्य १९५८ मध्ये आपल्या देशात हिंडले. लहान उद्योगांतील वस्तूंचा दर्जा कसा सुधारावा, याविषयी त्यांनी सरकारला अहवाल दिला आणि त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था, म्हणजे 'एनआयडी', उभी राहिली. या प्रवासात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमधून त्यांच्या मनात भरला तो साधा लोटा. त्यांनी त्याच्याविषयी प्रश्न काढले ते असे : त्यात पाणी किती मावावे? तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कोठे राहतो? तळहातात तो कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासायला हात जातो का, वाजवल्यावर नाद कसा येतो, त्यावर ऊन पडल्यावर तो दिसतो कसा? आणि शेवटी तो मोडीत काढला तर त्याचे मोल काय येईल? असा लोटा कोणा एका माणसाने आखलेला नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी तो घडवला, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. आता हेच प्रश्न एखाद्या तरुणाने नव्या फोनविषयी विचारले, तर आपण त्याला नादिष्ट म्हणतो!

यातील मोडीचा प्रश्न परक्या पाहुण्यांना सुचावा, याचे आम्हाला विशेष वाटते. पितळेचे भांडे घेताना आपल्या आज्या मोडीचा भाव मनात धरूनच सौदा करीत. भांडे चेपले तर तांबट ठोकून देई; आतला थर झिजला की कल्हईवाला दारात भट्टी लावी, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवी, आणि पातेले पुन्हा चांदीसारखे लखलखू लागे. वस्तूबरोबर तिची डागडुजी करणारा माणूसही समाजात असायचा, आणि वस्तूची घडण अशी असायची की त्या माणसाला तिच्यात हात घालता यावा.

जी वस्तू परक्या सवयींसाठी आखलेली असते ती आपल्याकडे कशी अडते, हे आपल्या स्वयंपाकघरांनी पाहिले आहे. जर्मनीच्या ब्राउन कंपनीचे नाव अभिकल्पाच्या जगात आजही आदराने घेतले जाते. डीटर राम्स यांनी १९६१ पासून १९९५ पर्यंत तिचा अभिकल्प विभाग सांभाळला आणि वस्तूतील अनावश्यक ते सारे काढून टाकण्याचा आग्रह धरला. ॲपलच्या फोनमधील सुरुवातीचा गणकयंत्राचा पडदासुद्धा ब्राउनच्या गणकयंत्रावरून बेतला होता, हे हौशी मंडळी आवडीने सांगतात. अशा या कंपनीचा मिक्सर १९६० च्या दशकात माधुरी माथूर यांच्या स्वयंपाकघरात होता. भारतीय वाटणापुढे त्याची मोटर जळाली. त्यात त्या यंत्राचा फारसा दोष म्हणता येणार नाही. भिजवलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड आणि मिरे आपल्या वाट्याला येतील, असे त्याच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नसावे. माधुरीबाईंचे पती सत्यप्रकाश माथूर हे सीमेन्समध्ये अभियंते होते. त्यांनी घरातली ही तक्रार हसण्यावारी नेली नाही. भारतीय वाटणाचा भार सोसेल अशी मोटर आणि त्याला साजेसे भांडे घेऊन त्यांनी जे यंत्र उभे केले ते 'सुमीत' या नावाने घरोघर गेले. पाट्यावर वाकण्याचे बायकांचे कष्ट ज्या वस्तूंनी हलके केले, त्यांत या मिक्सरची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. पुढे ती कंपनी स्पर्धेत मागे पडली, ही गोष्ट वेगळी.

कोणी म्हणेल, देशी म्हणून आपण ती वस्तू घेतली. आम्हाला तसे वाटत नाही. ती घेतली गेली कारण ती वाटण वाटत होती. केवळ ममत्वावर वस्तू तगत नाही, हे एचएमटीच्या घड्याळांनी दाखवून दिले आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या त्या कारखान्याचे 'जनता' हे चावीचे घड्याळ कित्येकांच्या मनगटावर पहिल्या पगाराबरोबर आले. परंतु ग्राहकाची आवड क्वार्ट्झकडे वळत असताना ती कंपनी आपल्या जागी थबकली, आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. दरम्यान टायटनने २००२ मध्ये 'एज' हे अवघे साडेतीन मिलिमीटर जाडीचे घड्याळ बाजारात आणून अभियांत्रिकीची आपली ताकद दाखवली होती. बंद पडल्यावर 'जनता' घड्याळे जमवणारे हौशी आज पुष्कळ आहेत. हे प्रेम कारखाना चालू असताना परखड तक्रारींच्या रूपाने पोहोचले असते, तर अधिक कामी आले असते!

हौशी ग्राहक काय करू शकतो, याचे ताजे उदाहरण छताच्या पंख्याचे आहे. वर्षानुवर्षे आपल्या घरांतला पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट वीज खात फिरत राहिला आणि त्याकडे कोणी मान वर करूनही पाहिले नाही. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्ग या कंपनीने ब्रशविरहित मोटरीचा, सुमारे तीस वॅटवर चालणारा पंखा आणला. तो महाग होता. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे वर्षाला दोनशे युनिटच्या आसपास वीज वाचते, हे गणित प्रथम मांडले आणि पदरचे जादा पैसे घालून पडताळून पाहिले ते घरोघरच्या अशाच 'नादिष्ट' मंडळींनी. त्यांच्या मागून इतर ग्राहक आले, आणि त्यानंतर मोठ्या जुन्या कंपन्यांनाही तसे पंखे काढावे लागले.

इतकी बाजू घेतल्यावर या हौशी मंडळींना एक जाब विचारणेही प्राप्त आहे. त्यांची सारी नजर वस्तूच्या पहिल्या दिवसावर असते. खोके उघडतानाचा आनंद, काचेची झळाळी, जाडी किती मिलिमीटरने उतरली, याचे वर्णन ते बारकाईने करतात. तिसऱ्या वर्षी बॅटरी दमेल तेव्हा काय, हे मात्र क्वचितच बोलले जाते. एके काळी मोबाईलचे मागचे झाकण नखाने उघडत असे आणि नवी बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. पुढे बॅटरी गोंदाने चिकटवली गेली. काही कंपन्यांनी तर पाच पाकळ्यांचे असे स्क्रू वापरले, की घरातला कोणताही पेचकस त्यांना लागू नये. वस्तू आपण विकत घेतो, पण तिच्यात शिरण्याची परवानगी आपल्याला मिळत नाही.

हा डाव नवा नाही. जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी १९२४ च्या अखेरीस जिनिव्हा येथे संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले आणि अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सदस्याला दंड लावला. आपल्या काळात, जुनी बॅटरी असलेल्या फोनची गती सॉफ्टवेअरद्वारे कमी केली जात असल्याचे ॲपलने २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे स्पष्टीकरण देण्यात आले. ग्राहकांना याची कल्पना दिली नाही म्हणून फ्रान्सने २०२० मध्ये त्या कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. बॅटरी बदलली की वेग परत येतो, हे ठाऊक नसल्याने किती जणांनी नवा फोन घेतला असेल, याचा हिशेब कोण देणार?

युरोपीय संघाने आता नियम केला आहे, की फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. त्याला काही अपवाद आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून वस्तूवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापले जातात. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोबाईल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहने व शेतीची अवजारे घेण्यात आली, हे विशेष स्वागतार्ह आहे. ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडला तर शेतकऱ्याने कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसायचे का? मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-निर्देशांक कसा असावा, याचा अहवालही मे २०२५ मध्ये विभागाला सादर झाला आहे.

अशा निर्देशांकाने काय साधेल, अशी शंका घेणाऱ्यांनी विजेच्या ताऱ्यांकडे पाहावे. ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २००६ मध्ये उपकरणांवर तारे छापण्याची योजना आणली, तेव्हा ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. आज 'किती स्टारचा?' हा प्रश्न एसी घ्यायला गेलेल्या सामान्य गृहिणीच्याही तोंडी असतो, आणि कमी ताऱ्यांचा माल विक्रेत्याला स्वस्तात काढावा लागतो. दुरुस्तीसुलभतेचे गुण खोक्यावर ठळक दिसू लागले, तर तेही याच वाटेने जाईल. आपल्याकडे त्याला जोड देणारे हातही आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे सुटे भाग आणि हुन्नर यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो कंपनीकडून मिळायला हव्या असलेल्या आराखड्यांचा आणि अस्सल भागांचा.

म्हणून कुटुंबातील त्या जाणत्या भाच्याला किंवा पुतणीला आमची विनंती आहे. येत्या खरेदीला त्यांनी दुकानाच्या काउंटरवर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी तीन गोष्टी विचाराव्यात : बॅटरी बदलायला किती रुपये पडतील, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि सॉफ्टवेअरची सुधारणा किती वर्षे येत राहील. विक्रेत्याला बहुधा उत्तर देता येणार नाही. तो वरिष्ठांना विचारील, वरिष्ठ कंपनीला विचारतील. एका दिवसात असे पन्नास ग्राहक आले, तर पुढच्या हंगामात ही उत्तरे जाहिरातीत छापून येतील.