पाचशे मेल नकोत, वीस पुरे



या आठवड्याचा विषय आहे कोल्ड मेल, म्हणजे ज्याची-आपली ओळख नाही अशा गिऱ्हाइकाला धंद्यासाठी पाठवलेला पहिला मेल. व्हिडिओत पद्धत दाखवली आहे. इथे माझं मत जरा रोखठोक लिहितो.

नवी पेठेत माझं दुकान आहे, त्यामुळे असे मेल मलाही येतात. "डिअर सर/मॅडम, आम्ही नामांकित उत्पादक आहोत, आमचा दर्जा उत्तम आहे, कॅटलॉग जोडला आहे." आता सांगा, यात मी कुठे आहे? कुठेच नाही. हाच मेल आणखी हजार जणांना गेलाय हे पहिल्याच ओळीत कळतं आणि बोट आपोआप डिलीटवर जातं. तुमचा मेल उघडणारा माणूसही असाच आहे. त्याच्याही काउंटरवर गर्दी आहे.

आपल्या पेठेत फिरणारा चांगला सेल्समन बघा. दुकानात शिरण्याआधी तो शोकेस बघतो, कुठला माल लटकवलाय, कुठला नाही ते बघतो, मग तोंड उघडतो. मेललाही हाच नियम लागू आहे. ज्याला लिहायचं त्याची आधी माहिती काढा. ती काढायला वेळ लागतो, म्हणूनच पाचशे मेल जमत नाहीत, वीस जमतात. आणि वीसच पुरतात.

घाऊक मेलचा इतिहास जुना आहे. 3 मे 1978 ला अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्कने अर्पानेटवरच्या जवळपास 400 जणांना एकच मेल पाठवला, नव्या कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक बघायला या म्हणून. लोक भडकले. आज त्याला जगातला पहिला स्पॅम म्हणतात. त्यातून विक्री झाली असं थर्कने नंतर सांगितलंय, पण तेव्हा मेल येणं हीच नवलाई होती. आज जीमेलच्या नियमांनुसार 1000 मेलमागे 3 जणांनी 'स्पॅम' दाबलं तरी ते जास्त धरलं जातं. मग तुमचे चांगले मेलही स्पॅममध्ये जाऊन पडतात.

"सर, एवढी खटपट कशाला, व्यापारी आहे की माल घ्यायला!" आहे ना. पण दर कोण ठरवतं? आणि पैसे कधी मिळतात? सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, नाव देशभर आहे. तरी ज्याच्याकडे एकच व्यापारी आहे तो त्या व्यापाऱ्याच्या दरावर आणि त्याच्या उधारीवर जगतो. स्वतः शोधलेली चार-पाच गिऱ्हाइकं असली की तोच माणूस "या दराला परवडत नाही" असं म्हणू शकतो. मेल शिकायचा तो यासाठी.

आता नमुना बघा. समजा तुम्ही टॉवेल बनवता आणि महाबळेश्वरच्या एका हॉटेलला लिहायचंय.

विषय : नव्या 12 खोल्यांसाठी टॉवेल, दोन नमुने पाठवू का?

"नमस्कार, तुमच्या हॉटेलात 12 नव्या खोल्या सुरू होत असल्याचं तुमच्या पेजवर वाचलं. खोलीला दोन टॉवेल आणि तीन संच (एक खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात) धरले तर 72 नग लागतील. आम्ही सोलापुरात 500 जीएसएमचे, 30 बाय 60 इंची पांढरे टॉवेल स्वतः विणतो. 72 नगांचीही ऑर्डर घेतो. दोन नमुने आमच्या खर्चाने पाठवू का? दहा वेळा धुऊन बघा, मग बोलू."

संपलं. पहिली ओळ त्यांच्याबद्दल आहे. हिशोब आपण करून दिलाय, त्यांना डोकं लावायला नको. शेवटी एकच प्रश्न आहे आणि त्याला "हो, पाठवा" एवढंच उत्तर पुरतं. कॅटलॉग नाही, आजोबांपासूनचा इतिहास नाही. एक काळजी घ्या : हॉटेलच्या रिव्ह्यूमधली तक्रार त्यांच्या तोंडावर मारू नका. माहिती काढायची ती मदतीसाठी, टोमण्यासाठी नाही.

वेळही बघा. आपल्याकडे राज्य बोर्डाच्या शाळा जूनमध्ये उघडतात. युनिफॉर्मवाल्याने मे महिन्यात मेल टाकला तर कापड आधीच कुणीतरी दिलेलं असतं. जानेवारीत लिहा.

सहीखाली नाव, मोबाईल, पत्ता, जीएसटी नंबर आणि उद्यम नोंदणी क्रमांक टाका. हा शेवटचा क्रमांक शोभेचा नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. समोरच्याला हे पहिल्या मेलपासून दिसू दे.

काही जण म्हणतील, मेल कोण वाचतं, व्हॉट्सॲप करू. ओळखीच्या गिऱ्हाइकाला जरूर करा. पण अनोळखी माणसाच्या खासगी नंबरवर रेटलिस्ट टाकली की तो ब्लॉक करतो. शिवाय शाळा, हॉस्पिटल, हॉटेल इथे खरेदी एकटा माणूस करत नाही. मॅनेजर मेल मालकाला पुढे पाठवतो, मालक अकाउंट्सला. सहा महिन्यांनी गरज पडली तर शोधून सापडतो. व्हॉट्सॲपचा मेसेज तोवर शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला गेलेला असतो.

खोटी आशा दाखवत नाही. वीसातले बरेचसे उत्तर देणार नाहीत. पाच-सहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा, नंतर आणखी एकदा, मग थांबा. "नको" म्हणाले तर आभार मानून नाव यादीतून काढा. सोलापूरचा माल विकतोय आपण, आपल्या वागण्यावरून पुढच्या सोलापूरकरालाही दार उघडं राहतं किंवा बंद होतं.

आज कामाला लागा. वही घ्या, वीस नावं लिहा, प्रत्येक नावापुढे एक ओळ : यांना माझा माल आत्ता कशासाठी लागेल? ज्याच्यापुढे ओळ सुचत नाही त्याला मेल करू नका. ज्याच्यापुढे सुचली, तीच तुमच्या मेलची पहिली ओळ.