घराची माहिती असलेला डॉक्टर

लावणीच्या दिवसांत बांधावर हमखास एक वाक्य कानावर पडतं: "ताप आला होता, सुई घेतली, उद्या उतरतो परत चिखलात." दोन वर्षांमागे पोफळी भागातल्या एका शेतकऱ्याने अशाच तीन दिवसांत दोन दवाखाने केले. दोन्हीकडे सुई मिळाली. काम काय करता, पायाला चीर-जखम आहे का, पोटऱ्या दुखतात का, हे कुणीच विचारलं नाही. चौथ्या दिवशी चिपळूणला हलवलं तेव्हा लेप्टोचं निदान झालं. माणूस वाचला, पण दुभती म्हैस विकावी लागली.

उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे शिरणारा हा रोग. वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी आटोक्यात येतो. म्हणजे कमतरता औषधाची नव्हती, विचारपूस करणाऱ्याची होती. आमच्या शेती खात्यातही हेच दिसतं. पान पिवळं पडलं की दुकानदार युरिया देतो. मुळाशी पाणी साचलंय का, हे बघायला शेतावर यावं लागतं.

डॉक्टर बदलतो, माहिती जाते

बाजारगावातला जुना फॅमिली डॉक्टर तीन पिढ्या ओळखायचा. कुणाला दमा, कुणाला साखर, कोणती सून बाळंतपणाला अडली होती, सगळं त्याच्या डोक्यात. आज तशी माणसं कमी होत चालली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. गावाची ओळख पटेपर्यंत डॉक्टरसाहेबांची मुदत संपते. त्यात भार मोठा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येचा. इंग्लंडात एका फॅमिली डॉक्टरच्या यादीत साधारण दोन-अडीच हजार माणसं असतात.

टिकून राहिलेला डॉक्टर काय करू शकतो, हे कोकणाने पाहिलंय. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः पोरं, मरत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून बारीक नोंदी ठेवल्या. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यावर लागू पडते, हे दाखवून दिलं. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांत तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण अगदी थोड्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नॉर्वेतला अभ्यासही हेच सांगतो. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्यांमध्ये, नव्याने डॉक्टर धरलेल्यांच्या तुलनेत, अपरात्रीची धावपळ, रुग्णालयात भरती आणि मृत्यू २५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले.

गावाने काय करावं?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्याची योजना आहे. पण मोफत आणि चांगलं हे एकच नव्हे. चांगलं व्हायचं तर ओळख आणि नोंद पाहिजे.

एक, घरटी एक वही ठेवा. जुने आजार, चालू गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी, रक्तदाब-साखरेचे आकडे, सगळं त्यात. आशाताई लिहायला मदत करतील. डॉक्टर बदलला तरी वही घरात राहते.

दोन, "सुई द्या, सलाईन लावा" हा हट्ट सोडा. आपण मागतो म्हणून तेही देतात. त्याऐवजी आपण काय काम करतो, कोणती फवारणी केली, कुठल्या पाण्यात उभे होतो, हे न विचारता सांगा.

तीन, सरपंच आणि ग्रामसेवकांनी आरोग्याचा विषय ग्रामसभेत घ्यावा. डॉक्टर-नर्सच्या राहत्या खोल्या गळतात का, पाणी-वीज आहे का, हे ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने पावसाआधी बघावं. गळक्या खोलीत कोण मुक्काम करील? चांगलं काम करणाऱ्याची मुदत वाढवावी, असा ठरावही पाठवता येतो.

बैलाला कुठलं औषध सोसत नाही, हे आपल्याला पाठ असतं. घरच्या माणसाचं तेवढं तरी लिहून ठेवूया.