बॅटरीचे भोजन दिवसाउजेडी



जुन्नरची पेठ असो, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव असो, आता गल्लोगल्ली दारासमोर विजेवरची स्कूटर उभी दिसते. वसुलीला जाणे, मुलांना शाळेत सोडणे, व्याख्यानाला स्थानकात जाणे, अशा लहान फेऱ्यांना हे वाहन सोयीचे आणि काटकसरीचे आहे, यात शंका नाही. विचार करायचा तो एवढाच की, ते चार्जिंगला कोठे आणि केव्हा लावावे.

खाली दुकान, मागे गोदाम, वर राहते घर आणि मध्ये एकच अरुंद जिना, अशी आपल्यातील अनेक घरांची रचना आहे. दुकान वाढवताना स्कूटर आत घेतली जाते, जिन्याखालच्या प्लगात पिन खोचली जाते आणि मंडळी वर झोपावयास जातात. वस्तीवरच्या घरांत बिबट्याच्या धास्तीने अंधार पडताच दारे-जाळ्यांना कुलपे लागतात, आणि वाहनही आतच असते. सोय आणि सुरक्षा यांची गल्लत होते ती येथे.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे तळमजल्यावरील कपडे शिवण्याच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील ७ जणांचा मृत्यू झाला. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. धुराने गुदमरून ते गेले. सुरुवातीच्या बातम्यांत चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीविषयी संशय व्यक्त झाला होता. कारण काहीही असो, दुकानातला धूर जिन्याने वर चढतो आणि सुटकेची वाट तीच असते, हा धडा आपल्या घरांना तंतोतंत लागू पडतो. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी पहाटे फुटली. त्याच खोलीत झोपलेला ७ वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे उपचार चालू असताना दगावला.

असे का घडते? लिथियम बॅटरीत शेकडो लहान घट असू शकतात. त्यांतील एखादा आतून बिघडला, मार लागून दुखावला किंवा प्रमाणाबाहेर तापला, तर त्याची उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि ही साखळी थांबवणे अवघड होते. त्यातून निघणारा वायू विषारी व ज्वालाग्राही असतो. पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा दबतात, पण आतली उष्णता जात नाही. म्हणून विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते.

केंद्र सरकारने या बॅटऱ्यांचे निकष कडक केले असून, एआयएस-१५६ या मानकातील सुधारणा १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. जुने वाहन स्वस्तात मिळत असेल, तर ते या तारखांच्या आधी बनलेले आहे की नंतर, हे अवश्य पाहावे. कमी वेगाच्या काही स्कूटरींत शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून तिला कोंदट जागा मुळीच चालत नाही.

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा शिरस्ता आहे. बॅटरीचे भोजनही दिवसाउजेडी, घरातील माणसे जागी असताना उरकावे. साध्या स्कूटरला चार-पाच तास पुरतात. दुपारी दुकानात माणसे असताना हे सहज जमते. वाहन बाहेरून आल्याबरोबर पिन खोचू नये. एका सामायिकाएवढा काळ, म्हणजे ४८ मिनिटे, बॅटरी निवू द्यावी. जागा उघडी, सावलीची, पावसापासून सुरक्षित असावी. जिना, दाराची वाट, झोपण्याची खोली आणि कापड, पुठ्ठे, तेल किंवा रंग यांचे गोदाम या जागा कायमच्या वर्ज्य समजाव्यात.

प्लगाकडेही लक्ष हवे. मिक्सर दोन मिनिटे चालतो, चार्जर मात्र तासन् तास सलग वीज ओढतो. त्यामुळे सैल सॉकेट किंवा बारीक वायर हळूहळू तापत जाते. जुन्या वाड्यांतील वायरिंगवर भरवसा ठेवू नये. परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचे सॉकेट, योग्य एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. चार्जर वाहनासोबत आलेलाच असावा. पिन बसते म्हणून दुसरा लावू नये. बॅटरी फुगली, जोरात आपटली किंवा पुराच्या पाण्यात बुडाली, तर तपासणी होईपर्यंत चार्ज करू नये.

चमत्कारिक वास, फुसफुस आवाज किंवा पांढरा धूर जाणवताच आधी माणसे बाहेर काढावीत. जाता जाता हाताशी असेल तरच मुख्य स्विच बंद करावा. पेटते वाहन ओढू नये, गल्ल्यातील रोकड आणण्यासाठी परत फिरू नये. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ वर कळवावे आणि बॅटरीची आग आहे, हे स्पष्ट सांगावे.

बँकेतील नोकरीमुळे एक व्यवहाराची गोष्टही सुचवावीशी वाटते. कर्जासाठी तारण असलेल्या मालाचा विमा आपण न चुकता उतरवतो. पण दुकानाच्या पॉलिसीत वरचे घर आपोआप येत नाही. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे. पॉलिसीवरील पत्ता, मजला आणि जागेचा वापर प्रत्यक्षाशी जुळतो की नाही, हे नूतनीकरणापूर्वी वाचून पाहावे. विम्याने माल भरून येतो, माणूस नाही, हे मात्र विसरू नये.

वस्तू उचलताना आणि ठेवताना जीवाला इजा होऊ नये, यासाठी साधूंना आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे. आपण श्रावकांनी तिच्यातील जयणा तरी घ्यावी. पेटलेल्या बॅटरीत घरच्या माणसांबरोबर किती सूक्ष्म जीवांची हानी होते, याचा विचार केला, तर स्कूटर जिन्याखालून हलवण्याचे कष्ट फार वाटणार नाहीत. आज दुकान वाढवताना जिन्याखाली एकदा नजर टाकावी. तेथे प्लग असेल, तर उद्याच वायरमनला बोलवावे.