शिकविणारा आणि तपासणारा

पेठांतील लहानशा टंकलेखन संस्थांनी महाराष्ट्राला लिपिकांच्या कित्येक पिढ्या पुरविल्या. मिनिटाला मराठी 30 अथवा इंग्रजी 40 शब्द, ही कसोटी मात्र संस्थाचालकाच्या हाती नव्हती. वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा शासनाची. आज ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणकावर घेते. शिकविणारा एक, तपासणारा दुसरा, म्हणूनच त्या कागदाला किंमत!

याउलट, अनेक खाजगी व्यवसायशिक्षण संस्था स्वतःच शिकवितात, स्वतःच उत्तीर्ण करतात आणि वर नोकरीची हमीही देतात. अशा प्रमाणपत्राला कचेरीत कोण विचारणार? कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या पालकाने आधी एवढेच विचारावे : परीक्षा कोण घेणार? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसा हातचा सोडू नये.