स्वस्ताईचे माप

सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रीला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. तिच्या घरी मोबाइल असतो. पण त्यावर चित्रपट पाहण्यास तिला सवड कोठली? पुण्यास नोकरीसाठी गेलेल्या मुलाचा आवाज कानी पडावा, एवढीच तिची अपेक्षा. भारतातील मोबाइल सेवा जगातील अत्यंत स्वस्त सेवांपैकी एक आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु ती कोणासाठी स्वस्त, हेही पाहिले पाहिजे.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि देशात या सेवेचा आरंभ झाला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे. शिवाय आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत! २००३ मध्ये येणारे फोन विनामूल्य झाले. अमेरिकेत मात्र ऐकणाऱ्याच्या खात्यातूनही मिनिटे वजा करण्याची रीत पुढे कित्येक वर्षे चालू होती. भारतात ऐकणे फुकट, म्हणून एक घंटी वाजवून फोन ठेवण्याची युक्ती घरोघर रूढ झाली. ज्याला परवडेल त्याने उलट फोन करावा, असा तो मूक करार होता.

सीमेचा जाचही असे. अक्कलकोटहून कलबुर्गीकडे गेलेल्या माणसाला परमुलखाचा जादा आकार पडे. युरोपीय संघातील देशांनी आपसांतील असा आकार १५ जून २०१७ पासून काढून टाकला. भारतातही तो जाच आता उरलेला नाही.

मग तक्रार कसली? पूर्वी दहा-वीस रुपये भरून बेताबेताने बोलता येई. आता ठरावीक मुदतीचे पैसे भरावे लागतात. ते न भरल्यास काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. गठ्ठ्याने घेतल्यास चादर स्वस्त पडते, हे सोलापूरकरांस सांगावयास नको. तथापि ज्याला एकच चादर हवी, त्याच्या डोक्यावर गठ्ठा का द्यावा?

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ बोलणे व संदेश यांसाठी निराळी योजना ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. हे योग्यच झाले. परंतु त्यानंतर काही कंपन्यांनी आणलेल्या योजना ८४ दिवसांच्या निघाल्या. रोजचा हिशेब पाच-साडेपाच रुपयांचाच. पण भरावयाचे साडेचारशेच्या आसपास, आणि तेही एकरकमी. विड्यांच्या मजुरीतून एवढी रक्कम एकदम बाजूस काढणे त्या माउलीस सोपे नाही.