कुंपण आले, कारागीर कुठे?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत रानडुकरांपासून धान वाचविणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. 2015 च्या जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी अनुदान आले, हे योग्यच झाले. परंतु कुंपण ही केवळ वस्तू नव्हे, ते कसब आहे. तारेला गवत टेकले, अर्थिंग सुटले किंवा बॅटरी उतरली, की ‘झटका मशीन’ निकामी होते. दुरुस्त करणारा गावात नसला की हताश शेतकरी खांबावरची वीज थेट तारेत सोडतो. मशीनचा क्षणिक झटका जनावराला पिटाळतो; हा अखंड प्रवाह मात्र वाघाचा आणि माणसाचाही जीव घेतो. गुन्हा शेतकऱ्यावर दाखल होतो, धोरण मोकळे सुटते.

चिचपल्लीला बांबू प्रशिक्षण केंद्र आहे, दोन्ही जिल्ह्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे खांब रोवण्यापासून वेल्डिंग व यंत्रदुरुस्तीपर्यंतचे शिक्षण भूमिहीन तरुणांना विद्यावेतनासह द्यावे. शेतांची, खाणींची व कारखान्यांची कुंपणे त्यांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावीत. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने 2011 साली स्वतःचा बांबू विकून दाखविला. तिथल्या माणसांना कुंपण सांभाळता येणार नाही, असे कोण म्हणेल? साहित्य वाटून कर्तव्य संपले असे मानणारे शासन ठेकेदाराची सोय पाहते, शेतकऱ्याची नव्हे.