लकव्यानंतर सुट्टी झाली, पुढे काय? आभा, ॲप्स आणि मधला तुटलेला दुवा

महागडं पार्सल मागवलं की डिलिव्हरीवाला दारात उभा राहून ओटीपी मागतो. तुम्ही तो सांगितल्याशिवाय ॲपमध्ये 'डिलिव्हर्ड' दिसत नाही. म्हणजे पाठवणाऱ्याने पाठवलं एवढं पुरत नाही, घेणाऱ्याने घेतलं याचीही नोंद लागते. आता दवाखान्यातलं सॉफ्टवेअर बघा. बहुतेक ठिकाणी बिल भरलं आणि डिस्चार्ज कार्डची प्रिंट निघाली की पेशंटची फाइल बंद. तो घरी पोचला का, गोळ्या मिळाल्या का, तिकडे त्याच्याकडे कोण बघणार आहे, यातलं काहीच त्या सिस्टीमला कळत नाही. साध्या तापाला याने फार बिघडत नाही. लकव्याला बिघडतं.

दवाखान्याच्या आत मात्र गेल्या काही वर्षांत बरंच सुधारलंय, हे आधी मान्य करू. महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्या कुटुंबांना लागू करायचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत न्यायचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. अमरावतीत २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, अकोल्यात ते आधीपासून आहेच. आमच्या दर्यापूरच्या माणसाला एका बाजूला अमरावती आणि मूर्तिजापूरमार्गे दुसऱ्या बाजूला अकोला, असे दोन पर्याय आहेत. लकव्याची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हेही आता बऱ्याच लोकांना माहीत झालंय. सगळी चर्चा, सगळा पैसा, सगळे पोस्टर या साडेचार तासांवर आहेत. त्यानंतरच्या तीस दिवसांवर कोणी बोलत नाही.

त्या तीस दिवसांबद्दल विदर्भातलाच एक आकडा आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या १५९९ मृत्यूंची कारणं शोधली. 'स्ट्रोक' नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ मध्ये ते काम छापून आलं. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा, १४.३ टक्के. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७.३ टक्के घरीच गेले. आणि ४६.३ टक्के लोक लकवा आल्यापासून पहिल्या महिन्याच्या आत गेले. यातले सगळेच दवाखान्यातून परत आलेले नव्हते, बरेच तर तिथपर्यंत पोचलेही नसतील. गडचिरोली आणि दर्यापूर यांतही फरक आहे. तरी खेड्यात लकव्याचा मोठा भाग घरातच घडतो, एवढं यातून दिसतंच.

घरात नेमकं काय घडतं?

माझ्या मोठ्या बाबांना लकवा आला तेव्हा मी पुण्यात होतो, घरचे त्यांना एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. उपचार चांगले झाले, नवव्या दिवशी सुट्टी झाली. हातात मिळालं ते दोन पानांचं इंग्रजी कार्ड. त्यावर गोळ्यांपुढे ओडी, बीडी, एचएस. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना. हे तुम्ही सर्च करून काढाल. मोठी आई कुठून काढणार? ती व्हिडिओ कॉलवर गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून विचारायची, "सकायची गोई कोनती व्हय रे बापू?"

दहा-बारा दिवसांनी गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघून काही गोळ्या लिहून दिल्या. शहरातलं कार्ड त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, ते अलमारीत होतं. नव्या पट्टीवरचं नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून जुन्या आणि नव्या दोन्ही सुरू. मेडिकलवाल्या दादाने दोन्ही पट्ट्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की आतलं औषध एकच, फक्त कंपन्या दोन. रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर दुप्पट गेली होती. सुदैवाने काही झालं नाही.

ही एका घराची गोष्ट, पण यातला प्रकार कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला ओळखीचा वाटेल: दोन सिस्टीम एकाच माणसावर काम करतात आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो. आणि गोळ्या हा तरी सोपा भाग. आडवं असतानाच घोटभर पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लुळ्या हाताला धरून उठवलं तर खांदा निखळतो. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. साधारण तीन पेशंटांमागे एकाला नंतर नैराश्य येतं, आणि घरचे म्हणतात, "आता तर बरे झाले, मग बोलत काहून नाही?" हे सगळं दवाखान्यात नर्स सांभाळत होती. सुट्टीच्या दिवशी तिची ड्युटी सुनेवर किंवा बायकोवर येते, कुठलंही ट्रेनिंग नसताना.

आभा कार्ड यात कुठे बसतं?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यातला १४ आकड्यांचा आभा नंबर म्हणजे तुमची फाइल नव्हे. कागद दवाखान्याच्या किंवा लॅबच्या सर्व्हरवरच राहतात, आभा हा फक्त त्यांना जोडणारा पत्ता. दुसऱ्या डॉक्टरांना बघायचं असेल तर ते विनंती पाठवतात, तुम्ही फोनवर संमती देता, मग रेकॉर्ड तिकडे दिसतं. कोणकोणते कागद असे जोडता येतात याची यादी ठरलेली आहे आणि तीत डिस्चार्ज समरी स्पष्टपणे आहे. तिचा साचासुद्धा ठरलाय: निदान, औषधं, पुढच्या सूचना वेगवेगळ्या रकान्यांत, मशीनला वाचता येतील अशा. म्हणजे मोठ्या बाबांच्या दुप्पट गोळ्यांचा घोळ कॉम्प्युटरला पकडता येण्याइतकी पायाभरणी देशात झालेली आहे. इंजिनिअर म्हणून सांगतो, डिझाइन चांगलं आहे.

अडचण अशी की ही सगळी व्यवस्था 'पुल' पद्धतीची आहे. कोणीतरी मागितलं तर मिळतं. दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात आज लकव्याचा पेशंट घरी आलाय, हे तिथल्या आरोग्य उपकेंद्राला माहीतच नसेल तर ते मागणार काय? नोटिफिकेशन जातं पेशंटच्या फोनवर. आणि पेशंटचा फोन म्हणजे बहुतेक वेळा आधारला जोडलेला मुलाचा नंबर, मुलगा पुण्यात किंवा सुरतेला. ज्याची वाचाच गेली आहे त्याची संमती कोण आणि कशी देणार, हाही प्रश्न आहे. सध्या ओटीपी ज्याच्याकडे येतो तोच संमती देतो, असा व्यवहार चालतो.

"मग एक ॲप काढू"

हे वाक्य मी कॉलेजातल्या हॅकेथॉनपासून ऐकतोय. पेशंटच्या घरच्यांना रोज मराठीत मेसेज, छोटे व्हिडिओ, गोळीचं रिमाइंडर, झालं काम! पण हे आपल्या देशात खूप मोठ्या प्रमाणावर करून बघितलं आहे. 'स्प्रिंट इंडिया' या चाचणीत ३१ स्ट्रोक सेंटरांमधले ४२९८ पेशंट होते. निम्म्यांना १२ भाषांपैकी आपापल्या भाषेत एसएमएस, व्हिडिओ आणि एक पुस्तिका दिली, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२३ साली निकाल आला: वर्षभरात पुन्हा लकवा, हार्ट अटॅक किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. एका गटात ५.५ टक्के, दुसऱ्यात ४.९. फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून चाचणी मधेच थांबवावी लागली. गोळ्या घेण्याच्या आणि दारू-सिगारेट सोडण्याच्या बाबतीत थोडी सुधारणा दिसली, हे खरं.

त्याआधी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 'अटेंड' चाचणी आली होती. भारतातले १४ दवाखाने, १२५० पेशंट. घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाठवायचं, अशी कल्पना. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. जसंच्या तसं.

या दोन निकालांवरून कोणी म्हणेल, मग काहीच उपयोग नाही. मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: माहिती आणि जबाबदारी दोन्ही घरच्यांच्या खांद्यावर गेली. दवाखाना आणि घर यांच्यामधलं, पेशंटच्या जवळपासचं, ज्याला तारखेनिशी विचारता येईल असं माणूस दोन्हीकडे उभं केलं नव्हतं.

असं माणूस दुसऱ्या आजारांसाठी मात्र उभं केलेलं आहे, तेही इथेच. बाळंतीण दवाखान्यातून घरी गेली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, बाळाचं वजन-तापमान बघते, फॉर्म भरते आणि त्याचे तिला २५० रुपये मिळतात. या योजनेचं मूळ गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूने घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, २०११ मध्ये ते देशभराच्या कार्यक्रमात आलं. त्याच जिल्ह्याने नंतर लकव्याचे आकडे दिले. बाळासाठी सहा तारखा आहेत, आजोबांसाठी एकही नाही.

दुसरं उदाहरण बीपीचं. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत आला त्यात आपल्या शेजारचं वर्धा होतं. त्यात वापरलेलं 'सिंपल' हे ॲप ओपन सोर्स आहे, कोड बघा जमलं तर. ते नेटवर्क नसताना चालतं, पेशंटच्या कार्डावरचा क्यूआर स्कॅन करून काही सेकंदांत नोंद होते. पण मला त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती 'ठरलेल्या तारखेला न आलेल्यांची यादी'. पेशंटला रिमाइंडर पाठवून ॲप मोकळं होत नाही, नर्सला सांगतं की हे लोक आले नाहीत, यांना फोन लाव. सेवा देणाऱ्याच्या स्क्रीनवर काम येतं.

लकव्यासाठी हे चालेलच असं कोणी सिद्ध केलेलं नाही, आशाताईंवर आधीच किती ओझं आहे तेही दिसतंय. पण तंत्रज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर मागणी फार छोटी आहे. डिजिटल मिशनमध्ये आरोग्य संस्थांची देशपातळीवरची नोंदवही आहे, तीत प्रत्येक नोंदलेल्या केंद्राला स्वतःचा आयडी मिळतो. लकव्याच्या डिस्चार्ज समरीत 'पुढे कोणाकडे सोपवलं' असा एक सक्तीचा रकाना, त्यात गावाच्या उपकेंद्राचा आयडी, आणि संमती घेऊन तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या यादीत एक काम: सात दिवसांत भेट, बीपी, गोळ्यांची पडताळणी. भेट झाल्याची नोंद झाली की मगच दवाखान्याकडची फाइल बंद. अवघड असेल तर तिथूनच ई-संजीवनीवर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलता येतं, ती सोय आहेच. पैशांचा भाग मात्र अवघड आहे. आयुष्मान योजनेत सुट्टीनंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरलाय, आणि लकव्याच्या पेशंटला हात-पाय परत कामाला लावायला महिनेच्या महिने फिजिओथेरपी लागते.

हा रकाना येईपर्यंत घरात ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे तोच मधला दुवा. सुट्टीच्या दिवशी नर्सला विनंती करून दोन व्हिडिओ काढून घ्या: पेशंटला कसं उठवायचं आणि कसं भरवायचं. यूट्यूबवरच्या कुणाच्या व्हिडिओपेक्षा आपल्याच माणसावर दाखवलेलं घरच्यांना लवकर कळतं. डिस्चार्ज कार्डाचा स्वच्छ फोटो काढा, पण तो 'परिवार' ग्रुपवर टाकू नका. जो माणूस पेशंटजवळ राहतो त्याच्या फोनमध्ये तो ठेवा आणि एक प्रिंट गोळ्यांच्या डब्यात. आभा काढताना नंबर त्याचाच द्या. प्रत्येक पट्टीच्या मागचं औषधाचं मूळ नाव वाचा, कंपनीचं नाही; तेच नाव दोन पट्ट्यांवर दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी देऊ नका. लकव्यावर हमखास तेलाचा व्हिडिओ कोणी पाठवला, तर तेल लावायचं की नाही यावर वाद घालत बसू नका, त्या नादात रक्त पातळ करणारी गोळी बंद होत नाहीये ना एवढं बघा. चेहरा पुन्हा वाकडा झाला, हात गळाला, बोलणं अडखळलं तर सरळ १०८.

आणि गावच्या उपकेंद्रात किंवा दर्यापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याच आठवड्यात स्वतः जाऊन सांगा की आमच्या घरी लकव्याचा पेशंट आलाय. सिस्टीम अजून सांगत नाही, तुम्हालाच सांगावं लागेल.